नाव, गाव आणि पलटण : महाड-पोलादपूर परिसरातील सैनिक पूर्वजांचा शोध व त्याची साधने

प्रस्तावना

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचा सैन्यसेवेशी असलेला संबंध फार जुना आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. महाड तालुक्यातील आंबवडे गावाला तर फौजी आंबवडे हेच नाव पडले असून घरटी एक तरी माणूस सैन्यात, अशी त्याची ख्याती आहे. डोंगरउतारावरील नाचणी-वरीची वरकस जमीन आणि खलाटीतील भाताचे एकच पीक यांवर कुटुंबाचे वर्ष निघत नसे. तेव्हा घरातील एक भाऊ मुंबईच्या गिरणीत व दुसरा पलटणीत, ही वाटणी येथील अनेक घरांनी स्वीकारली.

या घरांत आज पणजोबांविषयी विचारले असता 'ते पलटणीत होते' किंवा 'बसऱ्याच्या लढाईला गेले, परत आले नाहीत' एवढे एक वाक्य ऐकू येते. कोणती पलटण, कोणते वर्ष, मृत्यू कोठे झाला, या प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळत नाहीत. ती मिळविण्यासाठी कोणत्या साधनांकडे वळावे लागते आणि ही साधने कोठे दगा देतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लष्करी दप्तर, गावदप्तर आणि घरातील कागद ही तीन साधने एकाच माणसाला तीन निरनिराळ्या नावांनी ओळखतात. शोधाची खरी अडचण कागदांच्या अभावापेक्षा या विसंगतीत अधिक आहे.

नावातील पेच

एकोणिसाव्या शतकातील मुंबई लष्करात शिपायाची नोंद त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची आणि अंगावरील खुणा अशी होत असे. आडनावाला त्या नोंदीत आजच्यासारखे महत्त्व नव्हते. महार शिपायांच्या नावापुढे 'नाक' हा प्रत्यय येई. हा प्रत्यय 'नायक' या शब्दाशी जोडला जातो. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे झालेल्या लढाईच्या स्मृत्यर्थ उभारलेल्या स्तंभावर मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधील शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत या प्रत्ययाची २२ नावे आढळतात. महार शिपायांच्या सेवेचा पुरावा म्हणून या नावांचे महत्त्व मोठेच आहे. तथापि वंशशोधाच्या दृष्टीने पाहता त्यांत एक उणीव राहते. स्तंभावर नाव आहे, गाव नाही. एखाद्या नावाचा शिपाई महाडकडचा की पुरंदरकडचा, हे त्या दगडावरून ठरविता येत नाही.

पुढील पिढ्यांनी 'नाक' प्रत्यय सोडला. काहींनी गावावरून आडनाव घेतले, काहींनी कुळाचे आडनाव पुढे आणले. १९५६ च्या धर्मांतरानंतर दप्तरातील धर्म-जातीचा रकानाही बदलला. परिणामी पणतवाचे आजचे पूर्ण नाव आणि पणजोबाचे लष्करातील नाव यांत एकही शब्द समान नसतो, असे घडू शकते. या बदलाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आंबेडकर घराण्याचे आहे. कुळाचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि त्यानंतर शाळेच्या दप्तरात आंबेडकर. सुभेदार-मेजर रामजी सकपाळ यांचा लष्करी कागद शोधू पाहणाऱ्याने केवळ मुलाचे आडनाव हाती धरले तर त्याला काहीच गवसणार नाही.

मराठा घराण्यांची अडचण निराळी आहे. मोरे, जाधव, कदम, शिंदे, पवार, सकपाळ अशी मोजकी आडनावे शेकडो घरांत आहेत, आणि रामजी, गणू, धोंडू, बाळू ही नावे त्याहून अधिक घरांत. शिवाय यांपैकी बरीच आडनावे एकाहून अधिक जातींत आढळतात. 'शिपाई रामा जाधव' अशी नोंद सापडली म्हणजे पूर्वज सापडला, असे समजणे उतावीळपणाचे ठरेल. जुन्या इंग्रजी दप्तरात महार शिपायांचा उल्लेख पुष्कळदा 'परवारी' या शब्दाने येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. 'महार' शब्दाची वाट पाहणाऱ्या वाचकाच्या नजरेतून अशा नोंदी निसटतात. याच्या उलट, कंपनीकाळातील इंग्रजी लेखक महाड शहराचे नाव 'म्हार' असे लिहीत. १७९६ चा महाडचा तह त्यांच्या ग्रंथांत त्याच नावाने येतो. स्थळाचा उल्लेख जातीचा म्हणून वाचला जाण्याचा धोका येथे उघड आहे.

गावाचा आधार आणि त्याच्या मर्यादा

नाव डळमळीत असताना गाव हाच त्यातल्या त्यात भरवशाचा दुवा ठरतो. शिपायाचे गाव भरतीच्या वेळी लिहून घेतले जाई आणि निवृत्तिवेतन किंवा वारसाची रक्कम पोहोचविण्यासाठी ते अचूक असणे सरकारच्याही सोयीचे होते. मात्र या भागातील गावे जिल्हा-तालुक्यांच्या सरहद्दी ओलांडत आली आहेत. कुलाबा हा १८६९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी महाडचा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. पोलादपूर हा भाग दीर्घकाळ महाड तालुक्यातच होता. कुलाब्याचे रायगड हे नामांतर १९८१ चे. म्हणजे आज 'पोलादपूर, जिल्हा रायगड' असा पत्ता सांगणाऱ्या कुटुंबाने पहिल्या महायुद्धाच्या नोंदी 'महाड, कुलाबा' या नावाखाली व त्यापूर्वीच्या काही नोंदी रत्नागिरीखाली पाहिल्या पाहिजेत.

गावांच्या नावांतील साम्यही फसवे आहे. महाडचे आंबवडे आणि मंडणगडचे आंबडवे ही दोन्ही गावे सैनिकी परंपरेशी जोडलेली आहेत. रोमन लिपीत ती लिहिताना एका अक्षराची अदलाबदल झाली की एका गावाचा शिपाई दुसऱ्या गावाच्या खात्यावर जमा होतो. बुद्रुक आणि खुर्द हे भेद तर कारकून सरसकट गाळीत. इंग्रजी नोंदीतील गावाचे नाव मोठ्याने वाचून पाहणे आणि मग तालुक्याच्या गावयादीत त्याच्या उच्चाराशी जुळणारी सर्व गावे तपासणे, ही साधी वाटणारी रीत येथे उपयोगी पडते.

एक ज्ञात उदाहरण : गोपाळबाबा वलंगकर

वरील सर्व अडचणी एकाच व्यक्तीच्या बाबतीत पाहावयाच्या असतील तर महाडजवळील रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर यांचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे. त्यांचे पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर असे दिले जाते. लष्करी नोंदीत शोभणारे 'गोपाळनाक', सार्वजनिक जीवनातील 'गोपाळबाबा' आणि आडनाव वलंगकर, ही तीन रूपे एकाच माणसाची आहेत. त्यांतील कोणत्याही रूपावरून रावढळ हे गाव सुचत नाही. १८८६ मध्ये ते हवालदार या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि दापोली येथे राहू लागले. दापोलीस तेव्हा लष्करी पेन्शनरांची मोठी वस्ती होती.

हवालदार हा हुद्दाही येथे महत्त्वाचा आहे. जमादार व त्यावरील हिंदी अधिकाऱ्यांची नावे छापील आर्मी लिस्टमध्ये येत. हवालदार, नाईक आणि शिपाई यांना त्या यादीत स्थान नव्हते. लंडनमधील इंडिया ऑफिसच्या दप्तरात कंपनीच्या गोऱ्या शिपायांच्या नोंदींच्या दीर्घ मालिका टिकून आहेत, तशी सलग मालिका हिंदी शिपायांबाबत मिळत नाही. त्यामुळे हवालदाराच्या वंशजाला सुभेदाराच्या वंशजापेक्षा कितीतरी अधिक खटपट करावी लागते.

वलंगकर आज आपल्याला ज्ञात आहेत ते लष्करी कागदांमुळे नव्हे, तर निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः लिहिले म्हणून. 'दीनबंधु' व 'सुधारक' या पत्रांतून त्यांनी लेखन केले. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही अस्पृश्यतेवर प्रश्न उपस्थित करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. सरसेनापती रॉबर्ट्स यांनी पुरस्कारलेल्या लढाऊ जमातींच्या सिद्धान्ताचा तो परिणाम होता. त्यापूर्वी मुंबई लष्करात एकाच कंपनीत महार, मराठा, मुसलमान शिपाई एकत्र नोकरी करीत. आता जातवार कंपन्यांची पद्धत आली आणि तिच्यात महारांना जागा उरली नाही. याविरुद्ध १८९४ मध्ये अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या नावाने तयार झालेला मराठी विनंतिअर्ज हा वलंगकरांच्या कार्यातील प्रमुख कागद होय. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातील खैरमोडे संग्रहात तो आहे. आपले पूर्वज क्षत्रिय होते आणि आपण लष्करात निष्ठेने सेवा केली, असा दावा त्यात मांडलेला आहे.

वंशशोधाच्या दृष्टीने या अर्जाचे मोल निराळे आहे. ज्या समाजाला सरकारने सैन्याच्या दारातून परत पाठविले, त्या समाजाने आपली सेवा सिद्ध करण्यासाठी आपल्याच आठवणींची कागदोपत्री मांडणी केली. एका कुटुंबापुरता आज चालणारा पूर्वजशोध शंभराहून अधिक वर्षांपूर्वी संपूर्ण समाजाच्या वतीने, आणि भाकरीच्या प्रश्नासाठी, चालला होता. १८९५ मध्ये वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा त्यांच्याबरोबर बसण्यास उच्चवर्णीय सभासदांनी विरोध केला. पलटणीत मिळालेली बरोबरी गावच्या बोर्डात मिळत नव्हती. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले.

या बंदीची आठवण महाडमध्ये पुसली गेली नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेतील भाषणात डॉ. आंबेडकरांनी लष्करात मज्जाव झाल्यामुळे अस्पृश्य समाजाच्या झालेल्या हानीचा मुद्दा मांडला. परिषदेस आलेल्यांमध्ये लष्करी पेन्शनर होते. चवदार तळ्याच्या इतिहासात या पेन्शनरांची नावे येतात, त्यामुळे परिषदेचा वृत्तान्त हेही काही घराण्यांसाठी वंशशोधाचे साधन ठरते.

पहिले महायुद्ध : नावाविना आकडे

महायुद्धाच्या गरजेपोटी सरकारला आपले धोरण मोडावे लागले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. इतक्या अल्पायुषी पलटणीचा शिपाई पेन्शनला पात्र होईपर्यंत नोकरीत राहणे शक्यच नव्हते. म्हणून तिच्यात गेलेल्या बहुसंख्य माणसांचा पेन्शनचा कागद निर्माणच झाला नाही. घरी पेन्शन नव्हती म्हणून पणजोबा 'खरे' सैनिक नव्हते, असा समज काही घरांत होतो, तो चुकीचा आहे.

मराठा पलटणी मेसोपोटेमियात मोठ्या प्रमाणावर लढल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कूत-अल-अमारा येथे वेढल्या गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांपैकी कित्येक वाळवंटातील वाटचालीत व छावण्यांत मरण पावली. अशा माणसाची मृत्यूची तारीख लष्करालाही नेमकी ठाऊक नसे. घरच्यांना कळे ते 'बसरा' हे नाव, कारण सारी रसद व टपाल त्या बंदरातून जाई. कूतमध्ये वा अनातोलियात मेलेला माणूसही गावच्या आठवणीत बसऱ्यालाच मेला.

बसरा येथील युद्धस्मारक १९२९ मध्ये खुले झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी सैनिकांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे आली, इतरांचा पलटणीखाली निव्वळ आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य केली. छापील नोंदवह्यांतील नावे आता आयोगाच्या सूचीत पाहता येतात आणि त्यांतील काही नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका व 'कुलाबा, मुंबई' असा पत्ता मिळतो. महाड-पोलादपूरच्या शोधकासाठी हे आजचे सर्वांत सुलभ साधन होय. मात्र ते मृतांचेच आहे. जो परत आला त्याचा त्यात शोध घेणे व्यर्थ. लाहोरच्या संग्रहालयातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदी २०२१ पासून अभ्यासकांना खुल्या होऊ लागल्या, परंतु त्या पंजाबच्या आहेत. कुलाब्याच्या घराण्यांना त्यांचा उपयोग नाही.

युद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी फलक बसविले. कोकणात व साताऱ्याकडे ते आजही चावडीच्या, देवळाच्या वा शाळेच्या भिंतीत दिसतात. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. कोरेगावच्या स्तंभावर नाव आहे पण गाव नाही. या फलकांवर गाव आहे पण नाव नाही. फलकावरील आकडा आणि आयोगाच्या सूचीत त्या गावाच्या पत्त्यावर सापडणारी नावे यांची गावोगाव जुळणी करणे हे इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांना सहज झेपेल असे काम आहे. फलकाचा आकडा सूचीतील नावांपेक्षा जास्त निघाला तर उरलेली माणसे कोण, हा पुढील शोधाचा प्रश्न ठरतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी तुलनेने समृद्ध आहेत आणि शौर्यपदक मिळालेल्यांच्या बाबतीत तर शोधाची गरजच उरत नाही. शेजारच्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. त्याच खोऱ्यात पडलेल्या साध्या शिपायाच्या घरी मात्र तेवढी माहिती पोहोचलेली असतेच असे नाही.

गावदप्तर आणि घरातील साधने

परदेशात मेलेल्या शिपायाची नोंद गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे बोलीभाषेतील कोतवाल बुकात, शोधणे ही हमखास होणारी चूक आहे. त्या वहीत गावात घडलेले जन्म-मृत्यू लिहिले जात. शिपाई तेथे सापडतो तो मुलाचा बाप म्हणून, किंवा पुढे वारलेल्या विधवेच्या नोंदीत नवऱ्याच्या नावाने. मुलांच्या जन्मतारखांतील खंड हाही पुरावा असतो. दोन अपत्यांमध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर असेल आणि ती वर्षे १९१४ ते १९१९ मधील असतील, तर त्या काळात बाप कोठे होता हे विचारावे.

फेरफार नोंदींचीही हीच गत. शिपाई मेला तेव्हा जमीन त्याच्या बापाच्या नावावर असेल तर त्याच्या मृत्यूने फेरफार होत नाही. पुढे बाप वारल्यावर वारस लावताना 'मयत मुलाची विधवा' म्हणून जी नोंद होते, तिच्यात तो प्रथमच डोकावतो. खोती गावांतील कुळांच्या आणि महार वतनाच्या जमिनींबाबत हा मार्गही अरुंद होतो, कारण वतनाची जमीन व्यक्तीपेक्षा समूहाच्या नावावर राही. खोती १९४९ च्या कायद्याने व कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. त्या वेळच्या चौकशीचे कागद म्हणूनच काळजीपूर्वक पाहावेत. या दप्तराचा जुना भाग मोडी लिपीत आहे. मोडी वाचणारा माणूस सोबत नसेल तर अर्धे दप्तर मुके राहते.

घरातील साधनांत पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा दाखला, मनिऑर्डरीच्या पावत्या आणि बिल्ला, म्हणजे पदक, ही प्रमुख होत. दाखला मिळाल्यास पलटण व नंबर कळतो आणि मराठा पलटणीचा असल्यास बेळगावच्या रेजिमेंटल केंद्राशी किंवा अलिबाग येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी पत्रव्यवहार करता येतो. केवळ नंबर पुरेसा नसतो, कारण त्या काळी प्रत्येक पलटणीचे क्रमांक स्वतंत्र होते. १९२२ च्या पुनर्रचनेत पलटणींचीच नावे बदलली हेही विसरता कामा नये. ११० वी मराठा पलटण तिसरी बटालियन झाली आणि ११७ वी पाचवी. आजोबा 'तीन-पाच' म्हणत आणि कागद '११०' म्हणतो, यात विरोध नाही.

पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल लढाऊ शिपायांना चांदीचे मिळे. ओझेवाले, खेचरवाले, पाणके अशा अनुयायांना ते काशाचे दिले गेले. काशाचा बिल्ला निघाला म्हणून निराश होण्याचे कारण नाही, तो माणूसही युद्धभूमीवरच होता. उलट काशाचे बिल्ले टिकण्याचा संभव अधिक, कारण चांदीचे बिल्ले अडीअडचणीत सोनाराकडे गेले.

कागद टिकण्याचा प्रश्न या दोन तालुक्यांत तर फारच निकडीचा आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते आणि पोलादपूर तालुक्यातील कोतवाल येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथील वस्ती दरडीखाली गेली आणि त्याच पावसात महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. माणसे गेली तेथे ट्रंकेतील कागदांचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि तो ठेवण्याची ती वेळही नव्हती. ज्या घरांत पेन्शनची पुस्तके व दाखले अजून आहेत त्यांची छायाचित्रे घेऊन ती गावच्या शाळेत वा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवणे हे काम पुढच्या पावसाळ्याआधी व्हावयास हवे. बिल्ल्याची गोष्ट वेगळी आहे. चिखलातून काढून चिंचेने घासला की त्याच्या कडेवर कोरलेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण भिंगाखाली वाचता येतात. गाव मात्र त्यावर नसते, ते घरच्या माणसांनीच सांगावे लागते.